पाण्यात पडलेला माणूस मीच

शाळा मी चौथीत सोडली. पोहायला त्याच्या आधीच शिकलो होतो. बेलपाड्यात खाडीकाठी घर, त्यामुळे सत्तरी ओलांडेपर्यंत पाण्याची भीती मला ठाऊक नव्हती. फुशारकी मारत नाही. बरं, थोडी मारतो.

नवीन पनवेलच्या एका निवृत्त इंजिनीयर साहेबांची शिडाची यॉट आहे. फिरायला साहेब आणि त्यांची बायको, शीड-दोर सांभाळायला मी. निघालो की साहेब आधी एक रिकामा डबा पाण्यात टाकत आणि ओरडत, "माणूस पडला!" मग एकाने डब्याकडे हात रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही. दुसऱ्याने यॉट वळवून आणायची.

"डबा काय पलून चाललाय का साहेब?" मी हसायचो.

"काका, निदान जॅकेट तरी घाला," बाई म्हणायच्या.

"तुमी घाला. मी खाडीत वाढलोय."

त्या दुपारी घारापुरीच्या अलीकडे मला लघवी लागली. खाली संडास होता, पण त्याला लागूनच ओटा आणि बाई तिथे चहा करत होत्या. बाईमाणसाच्या इतक्या जवळ जाऊन बसायचं? मला ते जमणार नव्हतं. मी मागच्या कडेला गेलो, एका हाताने डोलकाठीची तार धरून उभा राहिलो. साहेब सुकाणूवर, तोंड पुढे. बाजूने लाँच गेली, तिच्या लाटेने यॉट कलली आणि तार हातातून निसटली.

वर आलो तोवर यॉट पुढे गेली होती. हाक मारायला तोंड उघडलं तर त्यात पाणीच शिरलं. पँट गुडघ्यांत अडकलेली, पाय फाकेनात. साहेबांची पाठ दिसत होती आणि ती लहान लहान होत चालली होती. एकदाही वळली नाही. मी पडलोय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मग बाई चहा घेऊन वर आल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी दिसताच हातातलं सगळं टाकून त्या "माणूस पडला!" ओरडल्या आणि तरंगणारी नारिंगी रिंग फेकली, ती माझ्यापासून लांब पडली. मग त्यांचा हात माझ्याकडे रोखला गेला.

पण यॉट तर लांबच निघाली. वळायला आधी लांब जावं लागतं, हे मला पाठ होतं. पाण्यात ते पाठ असून काही उपयोग झाला नाही. "गेले, मला टाकून गेले," एवढंच डोक्यात. लाट आली की सगळं गडप व्हायचं. लाट खाली गेली की तो हात तिथेच असायचा. त्या हाताकडे बघत मी "आये, आये" करत होतो. या वयात.

साहेबांनी यॉट वाऱ्याला तोंड करून आणली, शीड फडफडत सैल पडलं, ती माझ्याजवळ थांबली. वाटलं, आता सुटलो. तर कठडा माझ्या डोक्याच्या कितीतरी वर! दोर पकडला, पण अंग वर उचलेना.

"चढू नका काका! फास काखेतून घाला!"

"नाय जमत साहेब!"

"घाला म्हणतो ना!"

कसाबसा घातला. साहेबांनी चरखी फिरवून मला इंच इंच वर ओढलं. पँट पाण्यातच राहिली. बाईंनी अंगावर टॉवेल टाकला.

"काका, आता दोर सोडा. तुम्ही वर आलात," साहेब म्हणाले.

मला ऐकू येत होतं, कळतही होतं, पण मुठी उघडेनात. शेवटी बाई शेजारी बसल्या आणि माझं एकेक बोट दोरावरून सोडवू लागल्या. एक सोडवलं की मी दुसरं घट्ट करायचो.