बाईंचे कप्पे

ऑफिसातल्या कॉम्प्युटरबाईंसमोर ‘हरवलं’ असं म्हणायची सोय नव्हती. चष्मा असो की किल्ली, त्या शांतपणे विचारायच्या, “कुठे कुठे पाहिलंस?” चंदीगडला सेक्टर तीसमधल्या त्या ऑफिसात मी चहा करायची. माझ्याशी मराठी बोलणाऱ्या तिथे त्या एकट्याच. मी फारसं बोलत नसे, पण त्यांचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून कप हळूहळू धूत असे.

एकदा साहेबांनी नव्या नावाने, नव्या पासवर्डने कॉम्प्युटर उघडला आणि वर्षानुवर्षांच्या मोजमापांचे तक्ते यादीत दिसेनात. “सब उड़ गया जी,” म्हणत त्यांनी डोकं धरलं. सगळं पुसून पुन्हा भरायला घ्या, असंही सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, आधी चहा घेऊ. मग त्यांनी कप्प्याचं नाव जोडून एक तक्ता मागितला. तो निमूट समोर आला. बाकीचेही आले.

मला म्हणाल्या, “कॉम्प्युटरच्या आत कप्पे असतात, सुमन. आधी कुठे बघायचं, नंतर कुठे, हे त्याला सांगून ठेवावं लागतं. साहेबांच्या नव्या नावाखाली ते सांगायचं राहिलं होतं. न सांगितलेल्या कप्प्यातलं तो दाखवत नाही. आणि पहिल्याच कप्प्यात त्या नावाचं काही मिळालं, तर पुढचा उघडतही नाही.”

माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. माझी सोनी शाळेत जायला लागली आणि मराठी बोलेनाशी झाली. ‘जेवलीस का’ विचारलं की ‘खा लिया’. एसटीडी बूथवर माझ्या आईशी बोलायची वेळ आली की गप्प. शेवटी धीर करून बाईंना म्हटलं, पोरीची मराठी गेली.

“गेली नाही गं. तिचा हिंदीचा कप्पा आधी उघडतो. तिथे शब्द मिळाला, की ती पुढे कशाला जाईल? तू बोलत राहा.”

मग मी लाज सोडून भाजीवाल्यासमोरही सोनीशी मराठीत बोलू लागले. ती कुजबुजायची, “मम्मी, यार, धीरे.” सकाळी ‘जा रही हूँ’ म्हणाली की मी रोज म्हणायची, जाते नाही, येते म्हणावं. ती हसून पळायची. शाळेला सुट्टी असली की माझ्याबरोबर ऑफिसात यायची, बाईंच्या शेजारी बसायची.

बाईंची पुण्याला बदली झाली. आम्ही मायलेकी स्टेशनवर गेलो. मी दशम्यांचा डबा दिला. गाडी हलली तशा बाई खिडकीतून म्हणाल्या, “जाते गं, सुमन.”

सोनी खिडकीबरोबर चालू लागली. “बाई, जाते नाही म्हणायचं. येते म्हणायचं.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“कप्प्यात होती की,” म्हणाल्या. “बरं, येते.”

त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की सोनी मात्र अजून त्यांच्याच आवाजात विचारते, “कुठे कुठे पाहिलंस?”