चौघांचा होमरन

सिंगापूरमधल्या आमच्या हौगांगच्या ब्लॉकमध्ये सकाळी सातला जो तो एमआरटीची मेट्रो पकडायला पळत असतो, आणि हिराताई गजभिये बेसबॉल बघत असतात. दार उघडं, लोखंडी ग्रिल बंद, सोफ्यावर मांडी घातलेली आणि मांडीवर निवडायची भाजी. नागपूरच्या बाईला अमेरिकेतल्या त्या खेळाचं एवढं काय, असं मला सुरुवातीला वाटायचं. मी पुण्याची. क्रिकेट सोडून बाकीचे खेळ म्हणजे वेळ घालवायची साधनं, हे माझं मत मी त्यांना तोंडावर ऐकवलंही होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बस ना जरा. तुझं काय दूध उतू जाऊन राहिलं का?”

मी बसले, आणि मग रोजच बसायला लागले. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात. तिकडची वेळ बघायला हिराताईंना वेगळं घड्याळ लागत नाही.

हा खेळ त्यांच्या घरात आणला कुशलने, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने. तो आधी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचा, मग बेसबॉल. हिराताई मैदानाच्या कडेला छत्री आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसायच्या. बसून बसून त्यांनाच खेळ मुलापेक्षा जास्त कळायला लागला. मायलेकांनी त्याला घरचे शब्दही दिले. चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन. त्या वेळी बेसवर, म्हणजे धावायच्या वाटेतल्या तीन थांब्यांवर, आपलं दुसरं कुणी नसेल तर एकच धाव, म्हणून तो ‘एकट्याचा’. एक जण उभा असेल तर ‘दोघांचा’, दोघं असतील तर ‘तिघांचा’, आणि तिन्ही बेस भरलेले असतील तर ‘चौघांचा’. एकाच माणसाने एकाच सामन्यात हे चारही मारले की होमरन सायकल होते. मोठ्या लीगच्या इतक्या वर्षांत ती एकदाही झालेली नाही. खालच्या लीगमध्ये कधीकाळी झाली असेल तेवढीच. चार होमरन मारणारा क्वचित निघतो, पण आपण मारू तेव्हा बेसवर किती जण उभे असावेत, हे काही त्याच्या हातात नसतं.

कुशल सहा वर्षांचा असताना उत्तमरावांनी, म्हणजे हिराताईंच्या यजमानांनी, पीआर, इथे कायमचं राहायचा परवाना, घेतला. ते चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. पीआर मिळाला की फ्लॅट घेता येतो, तेव्हा सगळे एवढंच बघतात. मुलगा अठराचा झाला की त्याला दोन वर्षं सैन्यात जावं लागणार, हेही ठाऊक असतं. पण सहा वर्षांच्या पोराकडे बघून अठरा कुणाला दिसतात? कुशलला अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजने खेळासाठी बोलावलं आणि त्याच सुमारास इथल्या सैन्याचंही बोलावणं आलं. तो कुणाला न सांगता विमानात बसला. आता तो परत आला तर विमानतळावरच अटक होईल. उत्तमराव सैन्याच्या कचेरीत चौकशीला जाऊन आले आणि त्याच दिवशी मुलाला फोनवर म्हणाले, “या घरी पुन्हा फोन करायचा नाही. आम्हाला मुलगा नाही असं समजू.”

हिराताईंनी फोन हिसकावून घेतला. कुशल रडत होता आणि चिडलाही होता. तो म्हणाला, “कोणी होमरन सायकल मारली ना आई, त्या दिवशी करीन फोन.” त्यानंतर त्याने नंबर बदलला. नागपूरचा पुतण्या अंकुर अधूनमधून कळवतो, तेवढंच कळतं. कॉलेज सुटलं, खेळ सुटला, कुठल्याशा गोदामात कामाला आहे.

सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा, असं आपण रागाने म्हणतो ना, त्यातलंच त्याचं बोलणं होतं. त्याला ‘कधीच नाही’ असं म्हणायचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हिराताईंनी मात्र तो वायदा मानला. तीन वर्षं त्या एकही सकाळ चुकवत नव्हत्या. एकदा मी विचारलं, “खालच्या लीगमध्ये कुणी मारली तर ती धरतात का?” त्या लगेच म्हणाल्या, “पगार घेऊन खेळतो ना तो? मग धरतात.”

मला खरा राग यायचा तो उत्तमरावांचा. साडेआठला दारात बसून ते बुटाच्या नाड्या बांधायचे, टीव्हीकडे न बघता “काय चाललंय?” विचारायचे आणि उत्तर यायच्या आत लिफ्टकडे निघून जायचे. एवढं बोलून बसलेल्या माणसाने निदान विचारू तरी नये, असं मी मनात म्हणायचे.

या जूनमधली गोष्ट. मोठ्या लीगचा सामना पावसामुळे रखडला, म्हणून हिराताईंनी खालच्या लीगचा लावला होता. मी त्यांचा डबा परत द्यायला गेले तर त्या ग्रिलशीच उभ्या. “स्मिता, लवकर ये. तिघांचा झाला.”

एक दांडगा, घामाघूम झालेला पोरगा होता. पहिल्या खेपेला त्याने दोघांचा मारला होता, मग एकट्याचा, आणि आता तिघांचा. चौघांचा तेवढा राहिला होता. त्याची पाळी पुन्हा आली तेव्हा दोन बेस भरले होते. त्याच्या आधीच्या गड्याला गोलंदाजाने बाहेर बाहेर चेंडू टाकून फुकट बेस दिला आणि तिसराही भरला. हिराताईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. “यालाही बाहेरच टाकील मेला,” त्या पुटपुटत होत्या. “चार बाहेर टाकले की याला चालत जावं लागते, बाप्पा. मग गेलंच सगळं.”

तीन चेंडू बाहेर गेले. उत्तमराव दारात एक बूट घालून बसले होते. त्यांनी नेहमीसारखं “काय चाललंय?” विचारलं नाही. ते टीव्हीकडे बघत होते.

चौथा चेंडू आत आला. पोरग्याने असा टोला हाणला की चेंडू दिव्यांच्या वर जाऊन पलीकडच्या अंधारात नाहीसा झाला. मैदानावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या. हिराताई उठल्या, चार्जिंगला लावलेला फोन काढला, आवाज मोठा आहे ना ते बघितलं आणि फोन समोर टीपॉयवर ठेवला. उत्तमरावांनी पायातला बूट काढला आणि ते येऊन बायकोच्या शेजारी बसले. तेव्हा मला कळलं की हा माणूसही तीन वर्षं वाटच बघत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

फोन वाजला. दोघंही एकदम पुढे झुकले. तो माझा होता. शाळेतून माझी लेक जाई तिच्या इथल्या इंग्रजीत बोलत होती, “ममी, आय फरगॉट माय वॉटर बॉटल, लाह.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी जायला निघाले तेव्हा हिराताई म्हणत होत्या, “रात्रपाळी असेल त्याची. सुटल्यावर करीन तो.” दुपारी डोकावले तेव्हा म्हणाल्या, “आता झोपला असेल. उठल्यावर बघीन तो.” उत्तमराव कामावर गेलेच नव्हते. जेवणाची ताटं झाकलेली होती.

संध्याकाळी जाई आली. मी तिला विचारलं, तो होमरनवाला मुलगा तुला ठाऊक आहे का? “दॅट वन? एव्हरीबडी सीन ऑलरेडी, लाह,” ती म्हणाली आणि मोबाइलवर मला तोच टोला दाखवला. जाईला तर बॅट कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नाही. तिच्यापर्यंत पोचलं, मग कुशलपर्यंत पोचलं नसेल?

खिचडी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. तिकडे पुन्हा सकाळ झाली होती. दोघं त्याच सोफ्यावर होते आणि फोन तिथेच, तसाच. मी खिचडी ओट्यावर ठेवली. जाईने दाखवलेलं सांगितलं नाही, सांगून काय करायचं होतं?

उत्तमरावांनी घसा साफ केला. ज्या माणसाने उभ्या जन्मात या खेळाबद्दल एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं, तो बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “खालची लीग होती गं ती. खालची लीग कुठे धरतात?” आणि मी तरी हो म्हणावं म्हणून माझ्याकडे बघायला लागला. मी होकारार्थी मान हलवली.

हिराताईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

“धरतात,” त्या म्हणाल्या.