चांगल्या शर्टाला स्टिकर

शर्टांच्या कारखान्यात शेवटचं टेबल घारूताईचं. शिवून आलेला शर्ट ती उजेडाखाली धरायची. टाका सुटला असेल तिथे लाल स्टिकर लावायची. निर्दोष शर्ट मुकाट्याने पुढे. चौदा वर्षं हेच. तिच्या घारीसारख्या नजरेतून सुटा धागा निसटत नसे, म्हणून हे नाव पडलं.

नव्या सुपरवायझरला सगळ्या जणी भोंगा म्हणत. एकदा त्याच्याच घाईपायी तीनशे शर्ट खराब निघाले. खापर त्याने घारूताईवर फोडलं. साठ बायांसमोर तिला उभं करून ओरडला, "आजीबाई, डोळे घरी ठेवून येता का?"

तेव्हापासून तिची छाती धडधडू लागली. झोप उडाली. घास उतरेना. कंपनीच्या डॉक्टरबाईंनी तिच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. दिवसातून पाच वेळा ते विचारी: धास्ती किती वाटते? शून्य ते दहा.

"हे उपचारासाठी आहे हं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घारूताईला उपचार नको होते. तिला हवी होती भोंग्याची माफी, त्याच साठ जणींसमोर.

"फोनला नाडी दाखवून काय व्हायचंय, जाऊबाई?" धाकट्या जावेने विचारलं.

"त्याची नाडी सुटेल."

महिन्याने ती आलेख घेऊन मॅनेजरपुढे उभी राहिली. एक्केचाळीस नोंदी. सगळ्या नऊ नाहीतर दहा.

तिथेच उभा असलेला भोंगा फिदीफिदी हसला. "साहेब, महिन्यात एक घटका बरी गेली नाही? मी काय रात्रंदिवस यांच्या उशाशी बसतो?"

मॅनेजरने तक्रार परत केली.

डॉक्टरबाईंनी फोन चाळला. "शंभरावर प्रश्नांना उत्तरच नाही. तेव्हा काय वाटत होतं?"

"बरं होतं."

"मग लिहिलं का नाही?"

"चांगल्या शर्टाला कोणी स्टिकर लावतं का?"

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

पुढचा दीड महिना घारूताईने एक प्रश्न सोडला नाही. जावेशी भांडून मोकळं वाटलं, तेही नोंदवलं. सुटीच्या दिवशी धास्ती एक. कामावर पाय ठेवला की आठ. बरं वाटल्याची नोंदसुद्धा ती दातओठ खात करायची. मधला एक आठवडा मात्र कामावर असूनही आलेख एकवरच, पाटासारखा सपाट.

नवा आलेख पुढे आला तेव्हा मॅनेजरने भोंग्यासमोरच त्या सपाटीवर बोट ठेवलं. "या आठवड्यात काय झालं?"

"मला काय माहीत, साहेब? मी तर रजेवर होतो," भोंगा बोलून बसला.

हजेरीपट आला. तारखा जुळल्या. मग तीनशे शर्टांची चौकशीही नव्याने झाली. तपासणी कशीबशी उरकून माल पुढे ढकलायच्या हुकमावर त्याचीच सही निघाली.

"इथे, या खोलीत माफी मागतो," तो म्हणाला.

"अपमान काय खोलीत केला होता?"

मशिनं थांबली. साठ जणी उभ्या राहिल्या. भोंगा काहीतरी पुटपुटला.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही," घारूताई म्हणाली.

तो पुन्हा म्हणाला. कानशिलं लालबुंद.

"अजून जरा मोठ्याने."

तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. कुणीही हसलं नाही. सगळ्या नुसत्या बघत राहिल्या.

मॅनेजरने घाईघाईने विचारलं, "झालं ना, ताई? केलंत ना माफ?"

"त्याने मागायची होती, मागितली. मी द्यायची असं कुठे ठरलं होतं?" ती म्हणाली, नि पुढचा शर्ट उचलला.