आप्पांनी पुसलेली नावे

दुकानातून आलेली कोणतीही वस्तू वाचनालयाचे आप्पा आहे तशी वापरत नसत. नवे कॅलेंडर आले की सराफाच्या जाहिरातीवर पांढरा कागद चिकटवून त्यावर परीक्षांच्या तारखा लिहीत. नव्या छत्रीची मूठ पहिल्याच दिवशी सुतळीने गुंडाळत. कोणी हसले तर म्हणत, "करणाऱ्यानं त्याच्या सोयीनं केलंय. आपली सोय आपण बघायची."

आप्पांचा जन्म सीमाभागातल्या शहापुरातला. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी मागावर साड्या विणल्या. डोळे थकल्यावर गल्लीतल्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे आली, बिनपगारी. मी खानापूरकडच्या खेड्यातून शिकायला आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही कुठे आणि अंगठा कुठे, हे मला आप्पांनी दाखवले. आज मी निपाणीत एका कॉलेजच्या कार्यालयात काम करतो, ते त्यामुळे.

वाचनालयाचा ब्लॉग मीच उघडून दिला. कारण हिंडलग्याची अश्विनी. बारावीला चांगले गुण मिळवूनही आदल्या वर्षी तिचे धारवाडच्या वसतिगृहाचे राहून गेले होते. फॉर्म फक्त वेबसाइटवर होता आणि ती वेबसाइट कुठे आहे हे तिला तारीख उलटल्यावर कळले. या वर्षीही नाही मिळाले तर वडील लग्न ठरवणार होते. आप्पा म्हणाले, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातंय. कायम दिसंल असं कायतरी कर."

नवा ब्लॉग उघडला की बाजूच्या पट्टीत ब्लॉग पुरवणाऱ्या कंपनीचेच सहा-सात दुवे आधीपासून बसलेले असतात : डॉक्युमेंटेशन म्हणजे मदतीची पाने, चर्चा, नव्या थीम, कंपनीच्या बातम्या. आप्पांनी चष्मा वर करून ते पाहिले.

"ह्ये कोण रं?"

"कंपनीनं घातलेले असतात, आप्पा. काढता येतात."

"मग काढ की. घर आपलं, आणि ओसरीवर त्यांची मानसं बसल्यात."

पण काढण्याआधी ब्लॉग कार्यकारिणीपुढे ठेवणे भाग होते. अध्यक्षसाहेबांचे साड्यांचे मोठे दुकान. लग्नपत्रिका हाती आली की ते आधी स्वतःचे नाव शोधत, मग तारीख. पडद्यावरची ती पट्टी त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"हा डॉक्युमेंटेशन कोण? माझं सोडून याचं नाव कसं?"

मी समजावून सांगितले. त्यांना एवढेच कळले की ही जागा नावांची आहे आणि ती बदलता येते. तिथून तीन बैठका झाल्या. कंपनीचे दुवे गेले आणि त्या जागी कार्यकारिणी बसली. अध्यक्षांच्या नावावर बोट ठेवले की त्यांच्या वाढदिवसाचे फोटो उघडत, उपाध्यक्षांच्या नावावर भाच्याचे मंगल कार्यालय. चिटणीस आणि सहचिटणीस यांच्यात वर कोण, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. ब्लॉगवर अजून एक ओळही लिहिलेली नव्हती.

"आणि पोरींच्या फॉर्मचं?" आप्पांनी विचारले.

"खाली घाला की. जागा हाय," अध्यक्ष म्हणाले.

मोबाइलवर ही बाजूची पट्टी बाजूला राहत नाही, पानाच्या अगदी तळाशी जाते. म्हणजे आधी सगळे पान, मग अकरा मान्यवर, मग वसतिगृह. आप्पांनी माझ्या फोनवर बोट ओढत ओढत तिथवर जाऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून अकराही नावे पुसायला लावली आणि तीनच दुवे ठेवले : वसतिगृह, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला.

"आप्पा, किल्ली जाईल तुमची," मी म्हणालो.

"जाऊं दे. शुक्रवारपतोर ऱ्हायली म्हंजे झालं." शुक्रवार ही फॉर्मची शेवटची तारीख होती.

शुक्रवारी दुपारी अश्विनी वाचनालयाच्या संगणकावर फॉर्म भरत होती. मजकूर कन्नडमध्ये होता. आप्पा एकेक ओळ वाचून तिला मराठीत सांगत होते. तेवढ्यात अध्यक्ष आले.

"आप्पा, माझं नाव कुठं गेलं?"

"साहेब, तुमचं नाव दारावर हाय, कपाटावर हाय, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर हाय. फॉर्म कुठं घावतोय तेवढं कुठंच नव्हतं."

"किल्ली द्या."

"देतो. पोरगी फॉर्म भराय लागलीया. तिचं हूं दे. बसा."

अध्यक्ष बसले. वीज दोनदा गेली, दोनदा आली. पाऊण तास ते आपल्याच नावाच्या पंख्याखाली घाम पुसत होते. फॉर्म गेल्याचा संदेश पडद्यावर आला तेव्हा आप्पांनी तो अश्विनीला वहीत उतरवून घ्यायला लावला, मग कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

अश्विनीला जागा मिळाली. ती खव्याचा कुंदा घेऊन वाचनालयात आली, तेव्हा अध्यक्षांनी तिच्यासोबत फोटो काढला आणि चौकात फलक लागला : 'आमच्या मार्गदर्शनाचे यश'. कुंद्याचा उरलेला डबा घेऊन ती आप्पांच्या घरी गेली. मी तिथेच होतो. फलकाचा विषय मी काढला तर आप्पा म्हणाले, "लावूं दे की. फलकाच्या खर्चात ती पोरगी सगळ्या गल्लीला ठावी झाली. आता पुढची येतीलच."

वाचनालयाच्या ब्लॉगवर अकरा नावे परत आली. आप्पांनी घरून वेगळा ब्लॉग काढला. कंपनीचे आयते दुवे या वेळी त्यांनी स्वतःच काढले, मला न विचारता. पुढची चार वर्षे मुली फोन करत आणि ते खाटेवर बसून कन्नड वाचून सांगत.

आप्पा गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले, उपाध्यक्ष बोलले, मग चिटणीस आणि सहचिटणीस. प्रत्येकाने आप्पांना आपण कसे घडवले ते सांगितले. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी कागदावर बरेच लिहून नेले होते. उभा राहिलो तर समोर भिंतीला टेकून कॉलेजच्या मुली बसलेल्या दिसल्या. मी कागद खिशात ठेवला आणि म्हणालो, "वसतिगृहाच्या फॉर्मची मुदत परवा संपते. कुणाचा राहिला असेल तर सभा झाल्यावर थांबा."

चौघी थांबल्या.