ओढ्याच्या उतारावर अडकलेली चावी

सभापतींची गाडी अडली तेव्हा मी मामाच्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसले होते. शनिवार होता, कोर्टाला सुट्टी. मी बीडला न्यायालयात लघुलेखक आहे. महिन्यातून एकदा कडा गावाजवळच्या आमच्या खेड्यात मामाकडे येते. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मामाचं घर हेच माझं घर. मामा साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होता. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली, तरी गावात त्याला अजून मिस्त्रीच म्हणतात.

आमच्या बौद्धवाड्याच्या खालून रस्ता ओढ्यात उतरतो. तिथं एका वेळी एकच वाहन नीट जातं. त्या दिवशी समोरून उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून सभापतींनी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरून एका दगडाला जाऊन टेकलं. गाडी बंद पडली. घासलंय का बघायला ते चावी काढून खाली उतरले. परत येऊन बसले, तर चावी फिरेना आणि स्टेअरिंगही हलेना. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ट्रॅक्टरवाला चढ चढून आमच्या दारात आला होता.

"मिस्त्री हायत का? सभापतींनी बोलावलंय. म्हणले, ये म्हणावं लगेच."

सभापती म्हणजे गावातले मोठे जमीनदार. पंचायत समितीचं ते पद जाऊन बरीच वर्षं झाली, पण नाव तेच राहिलं. मामा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा असेल. तरी ते त्याला एकेरीतच हाक मारत आणि मामा त्यांना अहोजाहो करी. लहानपणी मला त्यात काही वाटलं नव्हतं. नोकरी लागल्यावर वाटायला लागलं.

"त्यांना यायला काय झालं? वीस पावलांवर तर आहेत," मी म्हणाले.

मामा चप्पल शोधत होता. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "गाडीत आणखी कोण हाय?"

"बाईसाहेब हायत. त्यांचं पोटाचं आपरेशन झालतं ना. नगरला टाके काढाय चालले होते. डायवर सुट्टीवर हाय म्हणून सभापती सोताच निघाले."

"मंग त्या उनात बसल्यात," मामा म्हणाला आणि भिंतीवरची हातोडी घेऊन निघाला. त्याला मदत लागेल म्हणून नाही, तर त्याच्याशी कोण कसं बोलतंय ते ऐकायला मी मागोमाग गेले. हे आता लिहिताना कबूल करायला हरकत नाही.

गाडी नाक खाली करून तिरकी उभी होती. सभापती ड्रायव्हरच्या जागेवर घामाघूम होऊन बसले होते. मागच्या सीटवर त्यांच्या बायको, म्हणजे काकू, पोटावर उशी धरून, डोळे मिटून होत्या. ट्रॅक्टरवाल्याच्या हातात पक्कड होती.

"बघ रे मिस्त्री," सभापती म्हणाले. "कावून फिरंना ही? आता तर निघंना बी."

मामानं चावीकडे पाहिलं. ती कुलपात थोडी वाकडी दिसत होती. त्यानं ट्रॅक्टरवाल्याच्या हातातल्या पकडीकडे पाहिलं. मग चावीला हात न लावताच गाडीच्या पुढे गेला आणि खाली उकिडवा बसला.

"अरे, भानगड इथं हाय, तिथं काय बघतोस?" सभापती म्हणाले.

"भानगड इथंच हाय," मामा चाकाजवळून म्हणाला. "चावी काढली की स्टेरिंगच्या दांड्यात एक खिटी बसती. चोरानं गाडी नेऊ न्हाई म्हणून. एरवी स्टेरिंग जरा हलवलं की ती सुटती. पण आता चाक दगडाला दाबून बसलंय. तो सगळा दाब त्या खिटीवर हाय. तिला आवळून धरल्यावर ती सुटंल कशी? तुमी चावीवर जोर लावला, चावी पिळली."

त्यानं माझ्याकडे वळून सांगितलं, "बाईसाहेबांना पाणी आण."

मी घरी जाऊन तांब्या आणि पेला घेऊन आले. येताना मनात एकच होतं, की त्या पाणी घेतील का. माझी आजी सांगायची, तिच्या वेळी आमच्या घरचं पाणी त्या घरातलं कुणी प्यायचं नाही. काळ बदललाय हे मला माहीत होतं. कोर्टात माझ्या डब्यातली भाजी सगळे खातात. तरी मी पेला पुढे केला तेव्हा माझा हात थोडा ताठ झाला होता. काकूंनी डोळे उघडले, पेला घेतला, एका दमात प्यायल्या आणि म्हणाल्या, "अजून दे गं बाई." मी ओतलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर किंचित निराशा झाली. त्यांनी नको म्हणावं आणि मला काहीतरी बोलता यावं, अशी कुठंतरी माझी तयारी होती.

तोवर मामानं कामाला सुरुवात केली होती. मागच्या दोन्ही चाकांना त्यानं दगड लावून घेतले. हँडब्रेक ओढलेला आहे ना, हे दोनदा विचारलं. डिकीतून जॅक काढायला लावला. काकूंना त्यानं उतरायला सांगितलं. मी आणि ट्रॅक्टरवाल्यानं मिळून त्यांना हळूहळू बाभळीखाली नेलं. मग जॅकखाली एक सपाट दगड ठेवून मामानं गाडी उचलली, चाक धोंड्यापासून बोटभर सुटेपर्यंतच. आणखी उचलली नाही.

"सभापती, आता स्टेरिंग धरा. दोनी हातांनी. डावीकडं वढा आन् तसंच धरून ठिवा."

"वढलं."

मामा दाराशी वाकून, दोन बोटांत चावी धरून उभा होता. पुरणपोळी उलटताना मामी जितकी हलकी बोटं लावते, तितकीच हलकी.

"न्हाई. सोडा. आता उजवीकडं. झटका न्हाई द्यायचा. दमानं."

"हे काय, हललं जरा."

"हलू द्या. सोडू नका. मी सांगस्तवर सोडू नका."

सभापतींना इतकी वाक्यं कुणी हुकुमासारखी सांगितल्याचं मी पाहिलं नव्हतं. ते निमूट ऐकत होते. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, पण पुसायला त्यांनी हात सोडला नाही. दोन-तीन वेळा डावं-उजवं झालं. मग खट् असा बारीक आवाज आला आणि चावी फिरली. मामानं गाडी सुरू केली नाही. चावी उलटी फिरवून आधी बाहेर काढली.

"आता कावून काढली?" सभापतींनी विचारलं. "पुन्हा बसायची."

"सुटलीय तोवर नीट करून घिऊ. न्हाईतर नगरला दवाखान्याच्या दारात मोडंल."

त्यानं ती दगडावर ठेवून हातोडीनं हलके टोले दिले. उचलून उन्हात धरायचा, डोळा बारीक करून बघायचा, पुन्हा ठेवायचा. मग मला म्हणाला, "तुझ्याजवळ शिसपेन्सिल असंल."

माझ्या पर्समध्ये लघुलेखनाची पेन्सिल कायम असते. घरी धावत जाऊन ती आणली. मामानं तिचं शिसं चावीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासलं. चावी काळी कुळकुळीत झाली. "तेल न्हाई घालायचं," तो ट्रॅक्टरवाल्याला सांगत होता, "तेलावर धूळ बसती. आपल्याकडं धुळीला काय तोटा."

चावी आत गेली, फिरली, गाडी सुरू झाली. मामानं सभापतींना ती बंद करायला लावली, चावी काढायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. तीनदा. मग जॅक उतरवला. सभापतींनी गाडी मागे घेतली आणि रस्त्यावर सरळ केली. काकूंना आम्ही मागच्या सीटवर बसवलं.

"घरी दुसरी चावी आसंल ती वापरा आजपासून," मामा खिडकीशी जाऊन म्हणाला. "हिचा भरवसा न्हाई. आन् गाडी लावताना चाकं सरळ करूनच चावी काढत जावा."

"बरं झालं तू होतास," सभापती म्हणाले. एकेरीतच. गाडी ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर गेली. ट्रॅक्टरवालाही त्याच्या वाटेनं गेला.

घरी आल्यावर मी मामाला म्हणाले, "एवढं करूनसुद्धा 'तू'च म्हणाले."

मामा हातांचं काळं साबणानं धूत होता. "म्हणू दे की. स्टेरिंग तर मी सांगितलं तसं धरलं ना त्यानं." तो हे थट्टेनं म्हणाला की मनापासून, मला कळलं नाही. पण त्यानंही सभापतींना 'त्यानं' म्हटलं होतं. ते घरात, माझ्यासमोर, हेही खरं.

पुढच्या महिन्यात मी गावी गेले तेव्हा मामीनं सांगितलं की काकू येऊन गेल्या. टाके निघाले होते, चालता येत होतं. ओट्यावर बसल्या, चहा घेतला, मामाच्या गुडघ्याची चौकशी केली. सभापती गाडीतच थांबले होते, फोनवर बोलत.

"खाली नाही उतरले?" मी विचारलं.

"न्हाई," मामी म्हणाली. "चहा मी तिकडंच निऊन दिला. घेतला त्यांनी. लिंबाखाली गाडी लावली होती, चाकं सरळ करून. यांनी बी बघितलं ते."