त्रिशलाआक्कांची बोट

अकोळ गावात त्रिशलाआक्कांना लग्नाचं आमंत्रण द्यायला कुणी आलं, की आधी कार्यालय कुठं आहे ते सांगायचं. निपाणीत असलं तर आक्का यायच्या, नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून. चिकोडी म्हटलं की विचारात पडायच्या. आणि बेळगाव किंवा सांगली म्हटलं, की आहेर आदल्या दिवशीच आमंत्रण देणाऱ्याच्या घरी पोचता व्हायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आक्कांना गाडी लागायची.

लागायची म्हणजे अशी तशी नव्हे. येष्टीच्या दारातनं डिझेलचा वास आला, की गाडी जागची हलायच्या आत मळमळून त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. लिंबू हुंगून झालं, सुंठ चघळून झाली, डॉक्टरांची गोळी घेऊन झाली. तवंदीच्या घाटाचं पहिलं वळण आलं की सगळे उपाय खिडकीबाहेर. आणि दैवाची गंमत बघा, नवरा नेमगोंडा येष्टीचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं निपाणी डेपोत काढून, एकही अपघात न करता तो निवृत्त झाला. त्या एकतीस वर्षांत बायको त्याच्या गाडीत दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिनं गाडी थांबवायला लावली.

श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला गावातनं चार गाड्या भरून गेल्या तेव्हा आक्का रस्त्यापर्यंत गेल्या, हात जोडले आणि म्हशीची धार काढायला परत आल्या. पुढं कर्नाटकात बायकांना येष्टीचा प्रवास फुकट झाला. शेजारची जयाबाई एका महिन्यात धर्मस्थळ, हंपी, म्हैसूर करून आली. आक्कांनी कपाटातनं त्यासाठी लागणारं आधार कार्डही बाहेर काढलं नाही.

या सगळ्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते ब्राह्मीचं. ब्राह्मी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं चार. मुलगा अभिनंदन बेळगावात एका कारखान्यात इंजिनियर, सून दीप्ती कॉलेजात शिकवायची. दीप्ती बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली तेव्हा बाळाला सांभाळायला तिची आई येऊन राहिली. आक्का चार वर्षांत तीनदा गेल्या. पहिला दिवस अंथरुणावर, दुसरा दिवस परतीच्या धास्तीत. बाकी सगळं फोनवर. एका दिवाळीला पोरं गावी आली तेव्हा ब्राह्मी आईच्या पदराआड लपली आणि बापाला हळूच विचारू लागली, फोनमधली आज्जी इथं कशी आली? सगळे हसले. आक्काही हसल्या. मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

अशा बाईपुढं अभिनंदननं बोटीचा विषय काढला. मुंबईहून निघायचं, एक अख्खा दिवस समुद्रावर, मग गोवा, मग परत मुंबई. चार दिवस स्वयंपाक नाही, कॉलेज नाही, कारखाना नाही. सगळ्यांनी नुसतं पडून राहायचं. जैन जेवणही मिळतं, त्यानं चौकशी केली होती.

नेमगोंडा एका पायावर तयार झाला. पण बायकोकडं बघून म्हणाला, हिला घाट लागतोय, मग बोट लागणार न्हाय व्हय? खरंच, लागायला बोटच असते. तसा शब्दच आहे. जयाबाईनं तर आणखी भर घातली. येष्टी थांबवून खाली उतरता तरी येतं, बोटीतनं कुठं उतरणार?

आक्का नाहीच म्हणणार होत्या. पण रविवारी फोन आला आणि पडद्यावर ब्राह्मीचं नाक दिसलं, कारण ती फोन अगदी तोंडाजवळ धरायची. तिनं विचारलं, "आज्जी, बोटीत तू खरी येणार का फोनमधनं येणार?"

"खरी येतो," आक्का म्हणाल्या. बोलून गेल्या आणि फोन ठेवल्यावर सुंठेचा डबा शोधायला उठल्या.

नोव्हेंबरात निघाले. गाडीनं कोल्हापूरला जाताना आक्का कागलला एकदा आणि उजळाईवाडीजवळ एकदा उतरल्या. रेल्वेत आडव्या पडून, डोळे मिटून, काही न खाता त्यांनी मुंबई गाठली. बंदरावर पोचल्या तेव्हा तोंड एवढंसं झालेलं आणि कमरेला प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घडी खोचलेली.

मग त्यांनी मान वर केली. आणि वर करतच राहिल्या. निपाणीतल्या तंबाखूच्या सगळ्या वखारी एकावर एक रचून त्यांना पांढरा रंग द्यावा, तसं काहीतरी पाण्यावर उभं होतं. त्याला खिडक्या होत्या, गॅलऱ्या होत्या, अगदी वरती कपडे वाळत घातल्यासारखी निशाणं फडफडत होती. ब्राह्मी बापाच्या खांद्यावरनं ओरडत मजले मोजत होती आणि सातानंतर परत एकावर येत होती.

आत शिरल्यावर आक्कांनी आधी वास घेतला. साबणाचा वास, कुठंतरी भाजलेल्या पावाचा वास, खारट वारा. डिझेल नाही. त्या एका खुर्चीवर ताठ बसल्या, दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि तोंडाला पाणी सुटायची वाट बघू लागल्या. बराच वेळ झाला. शेवटी न राहवून त्यांनी अभिनंदनला विचारलं, बोट सुटणार कधी?

"आई, सुटून अर्धा तास झाला," तो म्हणाला आणि त्यानं हात करून दाखवलं. मुंबई मागं सरकली होती. मोठमोठ्या इमारती काड्यापेटीएवढ्या झाल्या होत्या.

आक्का उठून कठड्यापाशी गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुठंतरी निघाल्या होत्या आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारं सुटलं. कुठं तरी लांब समुद्रात हवा बिघडली होती, धोका काही नाही असं बोटीवरच्या स्पीकरवरनं सांगितलं गेलं. पण लाटा मोठ्या होत्या आणि बोट सावकाश एका अंगावर कलायची, थांबायची, मग दुसऱ्या अंगावर.

पहिला पडला नेमगोंडा. दाढीला फेस लावून आरशासमोर उभा होता तो तसाच पलंगावर येऊन बसला. अर्ध्या गालावर फेस, चेहरा वांग्याच्या देठासारखा हिरवा. मग अभिनंदन. मग दीप्ती, जिनं या दिवशी पोहायच्या तलावाकाठी पुस्तक वाचत पडायचं ठरवलं होतं. नऊ वाजेपर्यंत दोन्ही खोल्यांतली तिन्ही माणसं आडवी. बोटीवरचा डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेला आणि पडून राहा म्हणाला. ते सांगायची गरजच नव्हती.

नेमगोंडानं एक डोळा उघडला. "तुला कायच होत न्हाय?"

"न्हाय वो," आक्का जरा ओशाळून म्हणाल्या. "मला भूक लागलीया."

एकतीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसानं भिंतीकडं तोंड केलं.

राहिली शेजारच्या खोलीतली ब्राह्मी. तिलाही काही झालेलं नव्हतं. ती पलंगावर बसून, बोट कलली की स्वतःही मुद्दाम कलत होती. दीप्ती उशीवरनं डोकं उचलायचा प्रयत्न करत होती. एवढी मोठी बोट, अकरा मजले, हजारो माणसं, आणि निपाणीच्या बाजारापलीकडं कधी एकट्या न गेलेल्या सासूबाई. तिच्या मनातलं आक्कांना कळलं. त्यांनी दीप्तीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला, खोलीची किल्ली म्हणून मिळालेलं कार्ड पदराला गाठीत बांधलं आणि नातीपुढं हात केला.

"तू झोप, दीप्ती. मी हाय."

ब्राह्मीनं त्या हाताकडं क्षणभर बघितलं. मग धरला.

बाहेरची बोळकांडी लांबलचक होती आणि जमीन एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं उतरत होती. माणसं भिंतीला धरून चालत होती. आक्कांना मात्र हे चालणं ओळखीचं वाटलं. उसाला पाणी सोडल्यावर ओल्या बांधावरनं डोक्यावर पाटी घेऊन असंच चालतात. गुडघा सैल ठेवायचा, पाऊल सपाट टाकायचं, नजर लांब. त्यांनी ते ब्राह्मीला शिकवलं. दहा मिनिटांत दोघी भिंत सोडून मधनं चालू लागल्या आणि भिंत धरलेली माणसं त्यांच्याकडं बघू लागली.

जेवणाच्या मोठ्या दालनात निम्मी टेबलं रिकामी. जैन जेवणाच्या टेबलामागं शामू नावाचा मिशीवाला गृहस्थ उभा होता. कारवारचा निघाला. आक्कांनी कन्नडमध्ये बोलायला सुरुवात करताच त्याचा चेहरा फुलला. आज कामावरचीही चार माणसं आडवी झालीत, त्यानं सांगितलं. अशा दिवशी ताठ उभं राहणारी बाई त्यानं बारा वर्षांत क्वचितच पाहिली होती. तुमच्या घरात कुणी दर्यावर्दी होतं का, असं त्यानं विचारलं. आक्कांनी सांगितलं, आमच्या घरात सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे विहीर.

त्या दिवशी दोघींनी बोट पालथी घातली. लिफ्टनं वर गेल्या, जिन्यानं खाली आल्या. मुलांच्या खेळघरात रंगीत चेंडूंच्या खड्ड्यात ब्राह्मी बुडाली आणि तिनं आज्जीलाही ओढलं. आधी आक्का काठावर बसल्या, मग पाय सोडले, मग आत उतरल्याच. तिथनं बाहेर आल्यावर शामूनं सांगितलेल्या पुढच्या बाजूच्या गच्चीवर गेल्या. वारा इतका की पदर डोक्यावर राहीना. त्यांनी तो कमरेला घट्ट खोचला, नातीला दोन्ही हातांत धरलं आणि दोघी कठड्यापाशी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात समोरच्या लाटेतनं काहीतरी उडालं. एक, मग पाच, मग पन्नास. ज्वारीच्या रानातनं पाखरांचा थवा उठावा तसे चंदेरी मासे पाण्यातनं उठले, पंख पसरून लाटेवरनं सरसर गेले आणि पुढच्या लाटेत शिरले.

"आज्जी, मासे उडतात!"

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला असं वाटलं, की पायाखालची ही सगळी बोट मोठ्यानं हसतेय आणि तिचं हसू आपल्या तळपायातनं वर चढतंय. परत थवा उठला. परत दोघी ओरडल्या. जेवायची वेळ झाली तरी त्या तिथनं हलल्या नाहीत.

संध्याकाळी वारा जरा उतरला. आक्का सूर्य बुडाल्यावर जेवत नसत, म्हणून साडेपाचलाच दोघी ताटं घेऊन पश्चिमेकडच्या गच्चीवरच्या टेबलाशी बसल्या. ब्राह्मीनं विचारलं, एवढ्या लवकर का? सूर्य गेला की आपण खात नाही, आक्कांनी सांगितलं, अंधारात बारके जीवजंतू ताटात येतात, ते दिसत नाहीत. गावी सूर्य चिंचेच्या झाडामागं गेला की त्या हात धुवायच्या. खरा कधी बुडतो ते कुणी बघितलंय? इथं मात्र मधे काहीच नव्हतं. लालभडक गोळा उघड्या पाण्यावर टेकत होता.

ब्राह्मीनं पहारा सुरू केला. आज्जीनं घास हातात घेतला की ती सूर्याकडं बघायची. "अजून आहे. खा." परत बघायची. "अर्धा आहे. खा, खा." शेवटी नुसती कड राहिली, नखाएवढी, आणि तिनं स्वतःच्या ताटातला शिऱ्याचा घास उचलून घाईघाईनं आज्जीच्या तोंडात कोंबला. "आता गेला."

आक्कांनी तो घास बराच वेळ तोंडात घोळवला.

रात्री ब्राह्मी आईजवळ गेली नाही. आज्जीच्या कुशीत झोपली.

तिसऱ्या दिवशी गोव्याला समुद्र तळ्यासारखा शांत होता. आजारी मंडळी एकेक करून उठली. दीप्तीला तिचं पुस्तक मिळालं, नेमगोंडानं राहिलेली दाढी केली. दुपारी चहाच्या वेळी तो अभिनंदनला म्हणाला, मी एवढी माणसं पोचवली, पण गाडीत मागं बसलेल्याला काय होतंय, ते काल कळलं. आणि बायकोच्या बशीत त्यानं आपल्यातली जिलेबी ठेवली.

परत येताना कोल्हापूरपासनं गाडी केली, आणि कागलला आक्कांना पुन्हा उतरावंच लागलं. बोटीनं त्यांचा रोग बरा केला नव्हता. जयाबाईला हे ऐकून जरा समाधान वाटलं.

पण आठ दिवसांनी आक्कांनी आधार कार्ड काढलं. शनिवारी सकाळी बेळगावच्या येष्टीत पुढची सीट धरून बसल्या, शेजारी नेमगोंडा. तो म्हणाला, कशाला जिवाला त्रास करून घेतीस, पोरांनाच बोलवू की.

"उलटी दहा मिंटाची असती," आक्का म्हणाल्या. "पोरगी चार वर्सांची कितींदा असनार?"

तवंदीच्या घाटात व्हायचं ते झालं. ड्रायव्हर भरमू हा नेमगोंडाच्या हाताखाली तयार झालेला. त्यानं न सांगता गाडी बाजूला घेतली. आक्कांनी तोंड धुतलं, परत येऊन बसल्या. पुढं संकेश्वरला एकदा आणि मग थेट बेळगावपर्यंत नाही.

स्टँडवर अभिनंदनच्या बोटाला धरून ब्राह्मी उभी होती. आक्का खाली उतरल्या तेव्हा पाय लटपटत होते, पोटात काही शिल्लक नव्हतं. ब्राह्मी धावत आली आणि आज्जीला हाताला धरून चालवू लागली. गुडघा सैल, पाऊल सपाट, असं तीच सांगत होती.

"व्हय बाई," आक्का म्हणाल्या. "चालतो तसंच. पन आदी मला कुठंतरी इडली घाल."

आणि दोघी रिक्षांच्या गर्दीतनं रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलकडं निघाल्या.