सायलेन्सरला चिंच

काळाचौकीच्या आमच्या चाळीत मोटारसायकल एकच होती, आणि ती माझ्या भावाची. दोन बाजूंना दोन सायलेन्सर असलेली, जुनी, अवजड. दादा मस्कतला नोकरीला गेला तेव्हा ती जिन्याखाली लावून, वर आईची फाटकी चादर टाकून गेला. तीन पावसाळे ती तिथेच उभी. चादर कुजली, चाकांतली हवा गेली, आणि सायलेन्सर असे गंजले की बोट फिरवलं तर लाल भुकटी हाताला यायची. पहिल्या मजल्यावरच्या काकू जाता-येता म्हणायच्या, "भंगारवाल्याला तरी देऊन टाका." त्यांच्याशी मी चार महिने बोलले नाही.

दादाने पत्रात लिहिलं होतं, 'मी येईपर्यंत गाडी कोणाला देऊ नका.' ते वाक्य मी इतकं वाचलं की कागद घडीवर फाटला. गाडीत ज्याचा जीव अडकलाय तो माणूस परत येणार आणि इथेच राहणार, असा मी त्याचा अर्थ लावला. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला माझा भाऊ घरी हवा होता, बाकी काही नको होतं. त्याची आठवण सगळ्यात जास्त जेवताना यायची. माझ्या ताटातला बांगडा पळवणारं कोणी उरलं नव्हतं. अख्खा बांगडा एकटीने खायचा म्हणजे शिक्षा वाटायची.

गणपतीला तो महिन्याच्या रजेवर येतोय असं कळलं आणि मी कंबर कसली. गाडी पुन्हा उजळली, पुन्हा फटफट करायला लागली, की हा परत जायचं नाव काढणार नाही, अशी माझी पक्की समजूत.

सायलेन्सर काढायलाच पहिला घाम फुटला. इंजिनाच्या तोंडाशी नळी जिथे बसते तिथला मोठा नट गंजून दगड झाला होता. मी रागाने हातोडी घातली तसा वरच्या गॅलरीतून बाबांचा आवाज आला, "मारू नको! आधी रॉकेल पाज त्याला." बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यापासून ते गॅलरीतल्या बाकड्यावर बसून असत आणि दिवसाला मोजून दहा शब्द बोलत. मी दोन दिवस नटाभोवती रॉकेलचं फडकं गुंडाळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून खाली आले, नटाच्या खाचेला छिन्नी टेकवून तीन हलके ठोके दिले, आणि नट कुरकुरत फिरला. नळी ओढली तशी आतली काजळी माझ्या गाऊनवर सांडली.

पुढचं मात्र मी कोणाला न विचारता केलं आणि तिथेच माती खाल्ली. गणपतीच्या आधी आमच्याकडे समया, तांबे, पळी-पंचपात्र सगळं चिंच-मिठाने घासून निघतं. माझ्या हातची समई सोन्यासारखी निघते म्हणून चाळभर माझं कौतुक. मग सायलेन्सरने काय घोडं मारलंय? मी मोरीत बसून चिंचेचा कोळ आणि मूठभर मीठ घेऊन घासायला सुरुवात केली.

आई दारातून बघत होती. "गे बाय, ह्या काय देवाचा भांडा आसा, चिंच लावतंस ती?"

"चमकलं की कळेल तुला," मी म्हटलं.

चमकलंही. संध्याकाळी दोन्ही नळ्या पाण्याने धुऊन गॅलरीच्या कठड्याला टेकवल्या आणि ऐटीत झोपले. सकाळी पाहते तर दोन्ही नारिंगी. आधीचा गंज परवडला, असा नवा गंज पसरला होता. दादा यायला नऊ दिवस होते. मी तिथेच फतकल मारून रडायला लागले.

बाबांनी नळीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "मीठ घातलंस?"

मी मान हलवली.

"लोखंडाक मीठ? समुद्राकाठच्या माणसांची जात आपली, आणि ह्या तुका मी सांगूक होया?" आणि ते हसले. पोट धरून हसले. गिरणी बंद झाल्यावर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतरचे आठ दिवस आम्ही दोघं जिन्याखाली. काठीला चिंध्या गुंडाळून आतली काजळी काढली. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग कोरडं पुसून लगेच रंग. हा रंग बाबांनी परळच्या जुन्या सोबत्याकडून आणला. गिरणीत वाफेच्या नळांना लावायचे तोच, तापाला टिकणारा चंदेरी रंग. पातळ तीन हात दिले. नळ्या परत बसवून, चाकांत हवा भरून, प्लग घासून बाबांनी गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हा रंग तापून धूर निघाला आणि माझा जीव खाली-वर झाला, पण रंग टिकला.

दादा आला. बॅगा जिन्यातच टाकून तो गाडीपाशी उकिडवा बसला. "च्यायला! एकदम नवीच केलीस की गो!" त्याच संध्याकाळी त्याने मला मागे बसवून लालबाग, परळ, थेट दादरच्या चौपाटीपर्यंत नेलं. त्याचा शर्ट वाऱ्याने फुगून माझ्या तोंडावर येत होता. हा आता राहिला, असं मी मनात म्हटलं. तेवढी सुखी मी पुढे कधी झाले असेन तर मला आठवत नाही.

गणपती गेल्यावर जेवताना तो म्हणाला, "दादरचं एक गिऱ्हाईक आहे. उद्या गाडी बघायला येतोय. मला काळजी होती, गंजलेली गाडी घेणार कोण? पण आता सायलेन्सर बघूनच उचलेल तो. तिकडे मला पुढचं कामही मिळालंय. परत कधी येणं होईल काय माहीत."

आई भात वाढायला उठली. सगळ्यांच्या पानात भात होता.

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. पोक्त माणूस, चष्मा वर करून बघणारा. त्याने दोन्ही सायलेन्सरवर बोटांनी टकटक केली, खाली वाकून जोड पाहिले आणि विचारलं, "हे काम कुठल्या मिस्त्रीचं?"

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या बहिणीचं."

"वा," तो माणूस म्हणाला, "हात आहे हो पोरीला."

आणि मला बरं वाटलं. भावाला जायची वाट मीच घासून-पुसून मोकळी करून दिली होती, गाडी माझ्यासमोर फाटकाबाहेर जात होती, आणि मी कौतुकाने लाजून हसत उभी होते. दादा परत गेला त्याचा राग मला कधीच आला नाही. त्या हसण्याचा मात्र अजून येतो.